आकडा लावायचा कोणी?

“यापुढे आमच्या सॉफ्टवेअरच्या व्हर्जनचा आकडा माणूस ठरवणार नाही,” असं भाचीने जाहीर केलं आणि मामांनी पहिला प्रश्न टाकला, “मग सही कोणाची?”

मामा महसूल खात्यातले. तलाठी म्हणून लागले, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले, आणि नोकरी बहुतेक डहाणू-तलासरी पट्ट्यातच काढली. भाची पुण्यात पाचजणांच्या एका टीममध्ये आहे. सुट्टीत तलासरीला येते आणि आली की मामांशी वाद घालते. मी शेजारी असल्यामुळे श्रोता. या वेळचा वाद मला लिहून काढावासा वाटला, कारण दोघंही एकाच गोष्टीबद्दल बोलत होते आणि हे त्यांच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

भाची : मामा, व्हर्जनला तीन आकडे असतात. समजा २.३.१. शेवटचा वाढला की समजायचं, चूक दुरुस्त झाली, बाकी काही हललं नाही. मधला वाढला की नवी सोय आली, पण जुनं चालू आहे. पहिला वाढला की सावध व्हायचं, जुनं काहीतरी मोडलंय. गिटहबच्या संस्थापकांपैकी टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी हा नियम लिहून काढला. सध्या चालतो तो नियम २०१३चा, त्याचा आकडा २.०.०.

मामा : म्हणजे नियमालाही फेरफार लागलाच.

भाची : लागतोच. आता प्रोग्रामरने कोडमध्ये बदल करून जमा केला की त्याला कमिट म्हणतात, आणि प्रत्येक कमिटला एक संदेश जोडावा लागतो. पूर्वी त्यात कोणी ‘किरकोळ बदल’ लिहायचं, कोणी ‘आता तरी चाल रे बाबा’. अँग्युलर या वेबसाइट बांधायच्या साधनाच्या टीमने संदेशाला साचा दिला. त्यावरून ‘कन्व्हेन्शनल कमिट्स’ नावाचा नियम झाला, त्याची १.०.० आवृत्ती २०१९मध्ये आली. ओळीच्या सुरुवातीला प्रकार लिहायचा. दुरुस्ती असेल तर ‘फिक्स’, नवी सोय असेल तर ‘फीट’, माहितीपत्रक बदललं तर ‘डॉक्स’, झाडलोट असेल तर ‘चोअर’. जुनं मोडणारं काही असेल तर प्रकारापुढे उद्गारचिन्ह, नाहीतर खाली मोठ्या अक्षरांत ‘ब्रेकिंग चेंज’. मग ‘सिमँटिक-रिलीज’सारखं साधन मागच्या आवृत्तीच्या टॅगपासूनचे सगळे संदेश वाचतं, त्यातला सर्वांत मोठा बदल धरतं, आकडा काढतं, बदलांची यादी तयार करतं आणि प्रकाशित करून मोकळं होतं. दोन फिक्स आणि एक फीट असेल तर २.३.१चं २.४.०. एक जरी उद्गारचिन्ह असलं तरी ३.०.०. नुसतं डॉक्स असेल तर काहीच नाही.

मामा : बाई, हे तर आमचं सहा नंबरचं रजिस्टर झालं.

शहरी वाचकांसाठी थोडं थांबतो. सातबारा सगळ्यांना माहीत असतो. त्यामागे गाव नमुना ६, म्हणजे फेरफाराची नोंदवही असते, तिच्याकडे सहसा कोणी बघत नाही. जमीन विकली, खातेदार वारला, बँकेचा बोजा चढला किंवा उतरला, की आधी फेरफार लिहिला जातो आणि मगच सातबारा बदलतो. हस्तलिखिताच्या काळात तलाठी सातबाऱ्यावर नवं नाव आधी पेन्सिलीने लिहायचा आणि फेरफार प्रमाणित झाला की शाईने. जुनं नाव खोडत नसत, कंसात टाकत. आता ई-फेरफार प्रणालीत प्रकार यादीतून निवडायचा असतो. खरेदी, वारस, बोजा चढवणे, मयताचे नाव कमी करणे, एकुम्या (एकत्र कुटुंब मॅनेजर) कमी करणे, अपाक (अज्ञान पालनकर्ता) शेरा कमी करणे, असे. प्रकार निवडला की नोंदीचा मसुदाही पुढ्यात येतो. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की त्याची सूचना तलाठ्याच्या लॉगिनला आपोआप पोचते. (पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय. काम तेच, नाव नवं. यावर कोणता प्रकार टाकायचा ते भाचीला विचारलं, तर ती म्हणाली, “उद्गारचिन्ह नक्की. जुन्या नावाने हाक मारणाऱ्यांचं मोडलं.”)

भाची : मग तुम्हीच तर आमच्या आधी केलंत हे. ठरीव प्रकार, ठरीव मसुदा, त्यावरून पुढचा बदल. विरोध कशाला?

मामा : विरोध दोन गोष्टींना. पहिली गोष्ट, आमचा फेरफार क्रमांक नुसता ओळीने येतो. ४१२ नंबरचा फेरफार ४११पेक्षा मोठा, असं कोणी म्हणत नाही. काय झालं ते मजकुरात वाचायचं. तुम्ही आकड्यातच अर्थ भरता आणि मग तो आकडा खरा की खोटा यावर भांडत बसता. सरळ अनुक्रमांक द्या की!

भाची : देतात ना काहीजण. फोनमधलं घड्याळ ज्या टाइमझोनच्या माहितीवर चालतं, तिच्या आवृत्त्या २०२४ए, २०२४बी अशाच असतात. उबुंटूची २४.०४ म्हणजे २०२४चा एप्रिल. पण तुमचा फेरफार माणूस वाचतो. आमचा आकडा यंत्र वाचतं. माझं सॉफ्टवेअर दुसऱ्यांच्या शंभर लायब्रऱ्यांवर, म्हणजे तयार कोडवर, उभं असतं. मी सांगून ठेवलेलं असतं की पहिला आकडा तोच आहे तोवर नवं आलं की घेत जा, मला विचारू नकोस. आकड्यात अर्थ नसेल तर शंभर जणांचा मजकूर रोज मलाच वाचावा लागेल.

मामा : म्हणजे त्या आकड्याच्या भरवशावर तू न वाचता घरात घेतेस.

भाची : हो. म्हणूनच तो माणसाच्या हाती नको. माणसं आकड्याशी काय करतात सांगू? लिनक्सचं २.६.३९ नंतर २०११मध्ये एकदम ३.० झालं, आणि कारण काय, तर आकडे फार लांबले होते. मोठं काही मोडलं नव्हतं. क्नूथ यांचं टेक हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर प्रत्येक दुरुस्तीला पाय (π) या संख्येच्या एका दशांश स्थळाने पुढे सरकतं. २०२१मध्ये ते ३.१४१५९२६५३ झालं. ऋषितुल्य माणूस आहे, पण त्यांच्या आकड्यावरून मला काय कळणार? आणि अँग्युलर २ नंतर थेट ४ वर गेलं, २०१७मध्ये. मधला ३ गाळला, कारण त्यांचाच एक भाग आधी ३ वर पोचला होता, सगळे एका रांगेत आणायचे होते.

मामा : अँग्युलर म्हणजे तुमचा तो साचा काढणारेच ना?

भाची : (जरा थांबून) तेच. पण मुद्दा तोच आहे! साचा असूनही शेवटी आकडा माणसांनी बसून ठरवला. मार्केटिंगवाल्याला मोठा आकडा हवा असतो, इंजिनिअरला भीती असते की ३.० म्हटलं की ग्राहक प्रश्न विचारेल. मनातल्या भावना आणि व्हर्जनचा आकडा यांची ताटातूट करायची, हा सिमँटिक-रिलीजचा जाहीर हेतू आहे. मला तो पटतो.

इथपर्यंत मी भाचीच्या बाजूचा होतो. आकडा ठरवायची बैठक ज्याने कधी पाहिली असेल, त्याला बेरीज यंत्राकडे गेल्याचं दुःख होणार नाही. पण मामांची दुसरी गोष्ट अजून बाकी होती.

मामा : दुसरी गोष्ट ऐक. नोंद लिहिणारा आणि नोंद प्रमाणित करणारा, ही दोन माणसं वेगळी का ठेवली? जमीन महसूल संहितेचं कलम १५० बघ. तलाठी फेरफार लिहितो. ज्यांचा ज्यांचा संबंध आहे त्यांना नमुना ९ची नोटीस जाते. पंधरा दिवस हरकतीसाठी. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त म्हणून नमुना ६-अला, मग सुनावणी. नाही आली तर मंडळ अधिकारी कागद बघून प्रमाणित करतो. तुझ्या यंत्राला सगळं कोण सांगतं? ज्याने बदल केला तोच. भावना तू आकड्यातून काढल्यास आणि संदेशात नेऊन ठेवल्यास. ३.० म्हणायची भीती ज्याला होती, तोच आता उद्गारचिन्ह टाकणार नाही.

भाची : टीममध्ये शिस्त असते. साच्यात न बसणारा संदेश ‘कमिटलिंट’ आतच घेत नाही.

मामा : साचा तपासतं ना? खरं-खोटं नाही तपासत. आता एक सांगतो, गाव सांगत नाही. संहितेत कलम १५५ आहे, लेखनप्रमादाची दुरुस्ती. नाव लिहिताना काना-मात्रा चुकला, क्षेत्र उतरवताना शून्य राहिलं, तर तहसीलदाराच्या आदेशाने दुरुस्त करायचं. चांगली तरतूद आहे, गरिबाचे हेलपाटे वाचतात. माझ्याकडे एक प्रकरण आलं. अर्जावर लेखनप्रमाद, मसुद्यात लेखनप्रमाद, बदल किती, तर एक अंक. भोगवटादार वर्ग दोनचा एक करायचा.

भाची : एका अंकाने काय होतं?

मामा : वर्ग दोनची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. वर्ग एक केली की ती अट गेली. तलासरीत तर त्याच्या जोडीला कलम ३६-अ. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीकडे जायची तर जिल्हाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. हा शेरा सातबाऱ्यावर इतर हक्काच्या रकान्यात असतो. तो एक शेरा ‘संगणकीकरणात चुकून आला’ म्हणून काढून टाक आणि बघ काय होतं. नोंदीचा प्रकार दुरुस्ती, परिणाम कुटुंब उघड्यावर. तुमच्या भाषेत काय?

भाची : फिक्स लिहिलंय, असायला हवं होतं फिक्स आणि पुढे उद्गारचिन्ह. आकडा २.३.२ निघाला, निघायला हवा होता ३.०.०.

मामा : आणि तुझ्यासारखे न वाचता घरात घेणारे?

भाची : त्यांच्याकडे रात्रीतून शिरला.

ज्या तालुक्यात हा संवाद चालला होता, तिथे हे उदाहरण वाऱ्यावरचं नाही. १९४५ साली तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर उभे राहिले. पुढे कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणाऱ्यांची नावं मालक म्हणून चढू लागली. नाव ‘इतर हक्कात’ आहे की कब्जेदार सदरी, या एका जागेच्या फरकावर पिढ्यांचं भवितव्य टांगलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना ‘एकच तर अंक बदललाय’ हे वाक्य ऐकवत नाही.

भाची मात्र हटली नाही, आणि तिचं उत्तर मला बिनतोड वाटलं.

भाची : मामा, तुम्ही लबाडीचं उदाहरण दिलंत. लबाडी माणूस हातानेही करतोच. २०२२च्या जानेवारीत ‘कलर्स’ नावाच्या लायब्ररीच्या कर्त्यानेच तिच्यात न संपणारं चक्र घातलं. १.४.० नंतर १.४.१, दिसायला किरकोळ दुरुस्ती. न विचारता घेणाऱ्या किती जणांच्या पडद्यावर कचरा धावत सुटला. तिथे प्रश्न साधनाचा नव्हता, कर्त्यानेच ठरवलं होतं. प्रामाणिक माणसांचं बोलू. २०१४मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी जावाच्या मेव्हन भांडारातल्या लायब्रऱ्या तपासल्या. साधारण एक तृतीयांश प्रकाशनांत काहीतरी मोडणारा बदल होता, आणि पहिला आकडा वाढलेल्यांत जेवढं प्रमाण, तेवढंच मधला वाढलेल्यांत. म्हणजे माणसांनी विचार करून लावलेले आकडे असे! निदान माझ्या पद्धतीत प्रत्येक बदलाला कोणीतरी एकदा ‘हे मोडतंय का’ असा विचार करतो, आणि तो संदेश कायम राहतो. सहा महिन्यांनी बोट ठेवता येतं.

मामा : तीच माणसं संदेश लिहिणार ना?

भाची : तीच. पण लहान प्रश्नाला. ‘या आवृत्तीचा आकडा काय’ या प्रश्नाला घोळ होतो. ‘मी आत्ता केलेल्या या दहा ओळींनी काही मोडलं का’ याला उत्तर देता येतं.

मामा : (जरा वेळाने) देता येतं, असं तुला वाटतं. जिल्ह्याचं घे. १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून पालघर जिल्हा निघाला. समज, तू महाराष्ट्राच्या जिल्ह्यांची यादी देणारी लायब्ररी लिहिली आहेस. कमिट काय करशील?

भाची : यादीत एक नाव वाढलं. फीट. जुने पस्तीस जसेच्या तसे, छत्तिसावा नवा. मधला आकडा वाढेल.

मामा : आणि तलासरी?

भाची काही बोलली नाही. मामांनी रेटलं.

मामा : काल ‘ठाणे, तलासरी’ विचारलं तर सापडत होतं. आज सापडणार नाही. डहाणू, वसई, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड, पालघर, सगळ्यांचं तेच. २०११च्या जनगणनेत पालघर नावाचा जिल्हाच नाही. ते आकडे तुझ्या नव्या यादीला जोडायला जा, पालघरसमोर रिकामं येईल आणि ठाण्यासमोर दोन जिल्ह्यांची माणसं. तू खोटं काही लिहिलं नाहीस. तुझ्या जागेवरून बघितलं तर खरंच एक नाव वाढलंय. मोडलं ते इकडे, तलासरीत.

मला वाटतं, सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. संदेश लिहिणारा आपण काय केलं ते सांगतो. वापरणाऱ्याला हवं असतं, त्याचं काय होणार ते. साच्यातला ‘फीट’ हा शब्द पहिल्याचं वर्णन आहे आणि त्यावरून निघालेला आकडा दुसऱ्याचं आश्वासन म्हणून वाचला जातो. मधलं अंतर प्रामाणिकपणाने भरत नाही, कारण लिहिणाऱ्याला तिकडचं दिसतच नाही. सॉफ्टवेअर अभियंते हायरम राइट यांच्या नावाने एक नियम प्रसिद्ध आहे. वापरणारे पुरेसे झाले की तुमच्या सॉफ्टवेअरच्या प्रत्येक दिसणाऱ्या वागणुकीवर कोणीतरी विसंबलेलं असतं, तुम्ही तसा शब्द दिलेला असो वा नसो. सातबाऱ्याला निदान इतर हक्काचा रकाना आहे, बँक, कूळ, विहिरीतला हिस्सेदार यांची नावं तिथे दिसतात. लायब्ररीला तसला रकाना नाही.

भाची : बरं, मग कोडच बघू. संदेशावर विश्वास नको. एल्म नावाच्या भाषेत लायब्ररी प्रकाशित करताना यंत्र जुनी आणि नवी जोडून बघतं. बाहेर दिसणारं एखादं फंक्शन गेलं, त्याचा प्रकार बदलला, तर पहिला आकडा वाढवायलाच लागतो, तुम्ही काहीही म्हणा. रस्टमध्येही तसं तपासणारं साधन आहे. संदेशावरून एक आकडा, कोडवरून एक आकडा. जुळले नाहीत तर प्रकाशन थांबलं.

मामा : ही स्थळपाहणी झाली. हे बरं आहे.

भाची : पण पुरेसं नाही, हे मीच सांगते. जमिनीचं क्षेत्र देणारं फंक्शन आहे. काल हेक्टरमध्ये देत होतं, आजपासून आरमध्ये. नाव तेच, आकडाच परत येतो. यंत्राला फरक दिसणार नाही, आणि तुमचा शेतकरी मात्र शंभरपट जमीनदार.

मामा : म्हणून म्हणतो, दुसरा माणूस. लिहिणारा सोडून.

भाची : आहे तीही सोय. गूगलचं ‘रिलीज-प्लीज’ आकडा काढतं, यादी लिहितं, पण स्वतः प्रकाशित करत नाही. प्रस्ताव तयार करून ठेवतं. कोणीतरी बघून ‘घ्या’ म्हटलं की मगच पुढे. पेन्सिलीने लिहून ठेवल्यासारखं. पण मामा, खरं सांगा. फेरफार अदालतीच्या दिवशी समोर गठ्ठा असताना किती नोंदी वाचून प्रमाणित होतात? दर शुक्रवारी तोच प्रस्ताव, तीच यादी. तिसऱ्या महिन्यात आमचा माणूस न बघता बटण दाबायला लागेल. मग सही म्हणजे नुसता उशीर.

मामा : गठ्ठा असतो, खोटं कशाला बोलू. पण खाली नाव असतं. उद्या प्रांताकडे अपील गेलं की विचारतात, तुम्ही काय बघितलंत? यंत्राला कोणी बोलावत नाही.

भाची : संदेश लिहिणाऱ्याचंही नाव असतं. कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये प्रत्येक ओळीला असतं.

मामा : मग त्याला पंधरा दिवस द्या.

भाची : पंधरा दिवस?

मामा : नोटिशीचे. तलासरीचं मोडणार हे पुण्यात बसलेल्याला कळणार नाही, पण तलासरीवाल्याला कळेल. त्याला आधी दाखवा.

भाचीने थोडा विचार केला. सिमँटिक-रिलीजला मुख्य शाखेखेरीज ‘बीटा’, ‘नेक्स्ट’ अशा वाटाही ठेवता येतात. ३.०.०-बीटा.१ असा आकडा लागतो, ज्याला हवं तो आधी घेऊन बघतो, बाकीच्यांना काही पोचत नाही. ही सोय त्यांच्या टीमने अनावश्यक म्हणून बंद ठेवली होती. ती चालू करायला हरकत नाही, असं ती म्हणाली. संदेशावरून आकडा यंत्रच काढेल, त्यावर ती ठाम होती. स्थळपाहणीचं साधन जोडायचं, हेही तिने मान्य केलं. सहीचं मात्र नाही. पाच माणसांत लिहिणारा कोण आणि बघणारा कोण, शुक्रवारी संध्याकाळी सगळे सारखेच, हे तिचं म्हणणं होतं.

माझं मत विचाराल तर मी दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि ते सोयीचं म्हणून नाही. पाचजणांच्या टीमला मंडळ अधिकारी परवडत नाही हे खरं. पण ज्या लायब्ररीवर सरकारी दाखले, शेतकऱ्यांची अनुदानं किंवा दवाखान्यातली नोंदणी चालते, तिथे निदान उद्गारचिन्ह नसलेल्या प्रत्येक ‘फिक्स’ला कोणीतरी दुसऱ्याने विचारावं, हे मामांचं म्हणणं मला टाळता येत नाही. उद्गारचिन्ह असलेल्याला विचारायची गरज नाही. त्याने आधीच ओरडून सांगितलंय.

मामा : आणि नोटीस कोणाकोणाला काढणार तुम्ही? नमुना ९ला नावं लागतात.

भाची : तीच अडचण आहे. आमच्यावर कोण विसंबलंय, त्यांची यादी आमच्याकडे नाही. गिटहबवर उघड असलेले दिसतात, कंपन्यांच्या आतले दिसत नाहीत.

मामा : मग आधी ती करायला घ्या.